शाळा पाहावी मागच्या दाराने

जून महिना जवळ आला की शाळा पाहायला येणाऱ्या पालकांची वर्दळ सुरू होते. ही वर्दळ मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे आणि तिच्यातली एक मौज मला अजून उलगडलेली नाही. पालक इमारत पाहतात, बस पाहतात, गणवेशाचा रंग पाहतात, दहावीच्या निकालाचा फलक दोनदा वाचतात. जाता जाता फी थोडी कमी होते का, तेही विचारतात. पण 'मुलगा चुकला तर तुम्ही काय करता?' हा प्रश्न शंभरातला एखादाच विचारतो. वास्तविक शाळा म्हणजे काय, तर पोरांनी बिनधोक चुकावे म्हणून बांधलेली जागा. सगळे बरोबरच येणाऱ्या मुलाला शाळेची तशी फारशी गरज नसते. तरी चुकल्यावर काय होते, हे कोणी विचारीत नाही. उलट एखादा बाप आपणहून परवानगी देऊन जातो, "मास्तर, हाडं तेवढी शाबूत ठेवा. बाकी तुमचं तुम्ही बघा."

हा कोणी न विचारलेला प्रश्न विचारीत मला गेल्या वर्षी गावोगाव हिंडावे लागले. मुलासाठी नव्हे, कुत्र्यासाठी.

कुत्र्याची शाळा म्हटल्यावर पुष्कळांना हसू येईल. आमच्या पिंपळगाव बसवंतात तीस वर्षांपूर्वी कुणी कुत्रे शाळेत घालायला निघाला असता, तर लोकांनी आधी त्यालाच डॉक्टरकडे नेले असते. तेव्हा कुत्रे घराचे कमी आणि गल्लीचे जास्त असे. त्याला शिकवायला गल्ली समर्थ होती. ओट्यावर चढले की म्हातारीचे लाटणे उगारले जाई. दुसऱ्याच्या भाकरीत तोंड घातले की त्या दुसऱ्याचे दात कानाला लागत. मेंढरांमागून येणाऱ्या धनगरांची पिल्ले तर म्हाताऱ्या कुत्र्याच्या पावलावर पाऊल टाकीत कळप राखायला शिकत. गुरू होता, वर्ग होता, परीक्षाही होती. नव्हती ती फक्त फी.

मग द्राक्षांनी गावात पैसा आणला. मुंबई-आग्रा रस्ता रुंद झाला. त्याच्या दोन्ही अंगांना कुंपणाच्या भिंती आणि लोखंडी फाटके असलेली घरे उभी राहिली, आणि फाटकाच्या आत परदेशी जातीचे कुत्रे आले. ह्या कुत्र्याला गल्ली ठाऊक नाही. महिन्याभराचे असताना ते आईपासून तोडलेले असते. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये असा नियम केंद्र सरकारने २०१७ साली केला, पण तो किती जणांना माहीत आहे? स्कॉट आणि फुलर ह्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या वागणुकीचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९६५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की, पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत जे पाहते, ऐकते, ज्यांच्यात वावरते, तेच पुढे त्याला आपले वाटते. तो काळ साखळीत गेला, तर मोठेपणी त्याला पाहुणा चोर वाटतो आणि छत्री राक्षस वाटते. तेव्हा कुत्र्याची शाळा हे काही नुसते श्रीमंती खूळ नव्हे. जे शिक्षण गल्ली फुकट देत होती, ते आता विकत घ्यावे लागते, इतकेच.

आमच्या घरच्या कुत्र्याचे नाव बंड्या. त्याची आई लॅब्रेडॉर. वडिलांविषयी खात्रीलायक माहिती नाही. वय दीड वर्ष, वजन तीस किलो, आणि माणसांविषयी कमालीचे प्रेम. हे प्रेम तो मागच्या दोन पायांवर उभा राहून, पुढचे दोन समोरच्याच्या छातीवर ठेवून व्यक्त करतो. तरण्याताठ्या माणसाला हे सोसवते. पण गेल्या आषाढात माझे वडील, नाना, मोरीत पाय घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. वय एक्क्याऐंशी. नाशिकला शस्त्रक्रिया ठरली. दवाखान्यात बारा दिवस, नंतर सहा-सात आठवडे नाशिकलाच अक्काच्या घरी, आणि मग वॉकर धरून पिंपळगावच्या घरी, असा बेत झाला. त्या घरी दारातच बंड्या प्रेम करायला उभा राहणार होता.

नातेवाइकांनी एका वाक्यात निकाल दिला. "मळ्यात सोडून द्या." मळ्यात सोडणे म्हणजे काय, हे निफाड तालुक्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. गोदावरी आणि कादवेच्या काठच्या उसात बिबटे राहतात. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले की, तिथल्या बिबट्यांच्या आहारात सगळ्यांत मोठा वाटा, वजनाने सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा होता. घराच्या ओट्यावर झोपायची सवय असलेला बंड्या मळ्यात किती रात्री काढील, याचा हिशेब करायला गणिताच्या मास्तराची गरज नव्हती. नानांचे हाड एका पारड्यात आणि बंड्याचा जीव दुसऱ्या पारड्यात, असा तो तराजू होता. दोन्ही पारडी राखायची तर आधी त्या बारा दिवसांसाठी बंड्याला एक वसतिगृह हवे होते, आणि नाना येईपर्यंतच्या आठवड्यांसाठी एक शाळा.

नाशिकच्या आसपास चौकशी करता पहिले जे ठिकाण कळले, तिथे दोन्हींची सोय होती. बाहेर झकपक कचेरी, भिंतीवर पदके लावलेल्या कुत्र्यांच्या तसबिरी. चालकांनी चहा मागवला आणि म्हणाले, "एक महिना आमच्याकडं टाका सर. मिलिटरीसारखा करून देतो. गॅरंटी." मी शाळेतला माणूस. गॅरंटीने मुलगा पास करून देणाऱ्यांची जात मला ओळखीची आहे. मी विचारले, "चुकला तर काय करता?" ते हसले. "मग त्याला कळतं ना, बाप कोण आहे ते!" मी म्हटले, "मागे कुत्री राहतात ती जागा पाहू द्याल?" त्यावर ते म्हणाले, "परकं माणूस पाहून कुत्री बिथरतात. आत कुणाला सोडत नाही आम्ही."

चहा चांगला होता. तो संपवून मी उठलो.

हे 'बाप कोण' प्रकरण कुत्रे पाळणाऱ्यांत फार बोकाळले आहे, म्हणून त्याचा थोडा इतिहास सांगतो. कुत्रा म्हणजे मूळचा लांडगा. लांडग्यांच्या कळपात मारामाऱ्या करून एक जण पुढारी होतो. म्हणून कुत्र्याच्या घरात माणसाने पुढारी व्हावे, त्याला दाबून ठेवावे, अशी ही विचारसरणी. तिचे मूळ रुडॉल्फ शेंकेल ह्या शास्त्रज्ञाने १९४७ साली मांडलेल्या निरीक्षणांत आहे. पण त्याने पाहिलेले लांडगे पिंजऱ्यात कोंडलेले होते. डेव्हिड मेक ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९७० साली आपल्या लांडग्यांवरच्या पुस्तकात ती कल्पना पुढे नेली. पुढे ह्याच मेकने रानातले मोकळे लांडगे वर्षानुवर्षे पाहिले आणि १९९९ साली स्वच्छ लिहिले की, रानातला कळप म्हणजे एक कुटुंब असते. आई, बाप आणि त्यांची पोरे. पुढारी म्हणतात तो मारामारी जिंकलेला गुंड नसतो, पोरांचा बाप असतो. एवढ्या मोठ्या माणसाने आपला शब्द मागे घेतला. आमच्याकडचे लोक मात्र त्याचा जुना शब्द अजून घट्ट धरून बसले आहेत.

माराने कुत्रे शिकत नाही असे मी म्हणणार नाही. शिकते. पण काय शिकते, ते पाहायला हवे. आमच्या शाळांतली छडी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अधिकृतपणे बंद केली. ती होती तेव्हा वर्ग शांत असे, हे खरे. पण ती शांतता मास्तर दाराबाहेर जाईपर्यंतच टिके. भीतीने शिकलेला धडा भीती घालणाऱ्यापुरताच असतो. कुत्र्याच्या बाबतीत तर ह्याहून वाईट घडते. गुरगुरले म्हणून ज्याला मारतात, ते कुत्रे गुरगुरणे सोडते. मालक खूश होतो. पण मनातला राग किंवा धास्ती तशीच राहिलेली असते. गेलेली असते ती फक्त पूर्वसूचना. असे कुत्रे एक दिवस आवाज न करता चावते आणि लोक म्हणतात, 'किती शांत होतं हो, अचानक काय झालं?' अचानक काही झालेले नसते. घंटा काढून ठेवली म्हणून शाळा भरायची थांबत नाही.

दुसरे ठिकाण निव्वळ वसतिगृह होते. माणसे प्रेमळ होती. मागचे दार उघडेच होते आणि त्यातून मला जे दिसले, ते त्यांनी लपवलेही नव्हते, कारण त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटत नव्हते. जागा द्राक्षबागेच्या मधोमध. ट्रॅक्टरवरचा फवारा चालू झाला की औषधाचा सगळा धूर कुत्र्यांच्या अंगावर. कुंपण माणसाच्या कमरेएवढे आणि वर आभाळ. बिबट्याला उडी मारायचे कष्टसुद्धा पडले नसते. जेवणाचे विचारले, तर म्हणाले, "हॉटेलातलं उरलेलं आणतो. रस्सा-भात मिटक्या मारत खातात." त्या रश्श्यात कांदा होता. परतताना वाटेत मला एका गोष्टीचा फार अचंबा वाटला. आमचा तालुका जगतो द्राक्षांवर आणि कांद्यावर, आणि ही दोन्ही कुत्र्याला विष आहेत. कांद्याने, मग तो कच्चा असो वा शिजलेला, त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षाने आणि बेदाण्याने त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होईल ह्याचा काही नेम नसतो. पिंपळगावात राहणाऱ्या कुत्र्याचे शत्रू असे लिलावाच्या आवारातच रचून ठेवलेले असतात.

तिसरे ठिकाण एका बाईंचे होते. पाटी साधी, रंग उडालेली. मी कुत्र्याविषयी विचारणार, तोच त्यांनी मलाच बाकावर बसवून प्रश्न विचारायला सुरुवात केली. लस टोचल्याचे कार्ड आणलेय का? रेबीजची लस ह्या वर्षी झाली का? डिस्टेंपर, पार्वो, लेप्टो? पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने जिवंत राहतो, म्हणून कार्डाशिवाय त्या कुत्रे दारात घेत नाहीत. तुमचे डॉक्टर कोण? रात्री दोन वाजता पोट फुगले तर कोणाला फोन करू? तुमचा फोन लागला नाही तर उपचार करायची मोकळीक मला आहे की नाही? तो कशाला भितो? फटाक्यांना? पावसाला? कोणाला चावलाय का? "खरं सांगा मास्तर. तुम्ही लपवलंत तर त्रास त्यालाच होणार आहे." एखाद्या परीक्षेला मी इतका घाम कधी गाळला नव्हता. पण त्या पाऊण तासात माझी निवड झाली. जो फक्त उत्तरे देतो, तो गिऱ्हाईक पाहत असतो. जो प्रश्न विचारतो, तो कुत्रे पाहत असतो.

मग त्या स्वतःच मला मागे घेऊन गेल्या. मी नाक, डोळे आणि कान उघडे ठेवले होते. फिनेलचा भपका नव्हता आणि मुतारीची घाणही नव्हती. भपका हा पुष्कळदा घाण झाकण्यासाठीच असतो. जमिनीला उतार होता आणि पाणी पन्हळीतून बाहेर जात होते. भिंतींच्या भेगा सिमेंटने बुजवल्या होत्या, कारण गोचीड भेगांत अंडी घालतात आणि गोचीडताप कुत्र्याला लोळवतो. प्रत्येक कुत्र्याला वेगळी खोली, वर पत्रा आणि पत्र्याखाली जाळी. बाहेर पडायला एकापुढे एक अशी दोन दारे होती. एक लागल्याशिवाय दुसरे उघडत नसे. बारक्या सटकल्या कुत्र्यालाही रस्ता सापडू नये, म्हणून. थंडीत निफाडचा पारा कधी कधी दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो. त्यासाठी लाकडी फळ्या आणि गोणपाटे रचून ठेवलेली होती. "रात्री इथं कोण असतं?" मी विचारले. त्यांनी कुत्र्यांच्या खोल्यांना लागून असलेली एक खाट दाखवली. "मी."

निघताना त्या म्हणाल्या, "घरातलं एखादं जुनं फडकं द्या त्याच्याबरोबर. पण धुऊ नका." आमच्या सौभाग्यवतींनी आपले एक विरलेले पातळ दिले. न धुतलेले पातळ परक्या घरी पाठवायचे, ह्याचा त्यांना फार संकोच वाटला. पण बारा दिवस बंड्या त्यावरच झोपला.

मूल शाळेतून घरी आले की संध्याकाळी आईजवळ बोलते. मारले, ओरडले, डबा खाऊ दिला नाही, सगळे सांगते. निदान सांगू शकते. वसतिगृहातल्या मुलाचे पत्र येते, फोन येतो. कुत्र्याला ही सोय नाही. बारा दिवसांत काय झाले, ते त्याच्या अंगावरून आपण वाचायचे. वजन उतरले आहे का, भुंकून भुंकून घसा बसला आहे का, पायांच्या बेचक्यांत गोचीड आहेत का, आपण हात वर केला तर ते डोळे मिटून घेते का. पहिला एखादा दिवस ते नुसते झोपून काढते. त्यात काळजीचे काही नाही. परगावी जाऊन आलेली माणसेही झोपतातच. मी बंड्याला आणायला गेलो तेव्हा त्याने मला पाहून उड्या मारल्या, अंगणाला तीन फेऱ्या घातल्या, आणि फाटकापर्यंत आलेला तो मधूनच मागे पळाला. बाईंचा हात चाटून परत आला. त्याच्या त्या मागे पळण्यात त्याचे सगळे प्रगतिपुस्तक होते.

आता राहिली शाळा. ती त्या बाईंनीच सुचवली. लष्कराच्या श्वानपथकात नोकरी करून निवृत्त झालेले एक हवालदार दर रविवारी सकाळी नाशिकला एका मैदानावर आठ-दहा कुत्री आणि त्यांचे मालक जमवतात. मी म्हटले, "तुमच्याकडं महिनाभर ठेवून घेता का?" ते म्हणाले, "ठेवून घेऊन काय करू? माझं ऐकेल. तुमचं कोण ऐकणार?"

ह्या एका वाक्यात कुत्र्याच्या शाळेचे सगळे शास्त्र आहे. मुंबई पोलिसांचे श्वानपथक १९५९ साली तीन डोबरमन कुत्र्यांवर सुरू झाले. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर ज्याने ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकून काढले आणि कितीतरी जीव वाचवले, तो 'झंजीर' नावाचा लॅब्रेडॉर पुण्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात शिकला होता. नोव्हेंबर २००० मध्ये तो वारला तेव्हा त्याला सरकारी इतमामाने निरोप देण्यात आला. पण लोक एक गोष्ट विसरतात. पोलिसांत काय किंवा लष्करात काय, कुत्रे एकटे शिकत नाही. ज्याच्या हाती त्याची साखळी राहणार, तो हस्तक त्याच्याबरोबर शिकतो. एका बाकावर दोन विद्यार्थी बसतात. सरकारला जे कळते ते आपल्याला कळत नाही. आपण मोटार दुरुस्तीला टाकावी तसे कुत्रे टाकून येतो आणि महिन्याने किल्ली फिरवून पाहतो.

पहिल्या रविवारी हवालदारांनी कुत्र्यांना झाडाखाली बांधायला लावले आणि माणसांचा वर्ग घेतला. एका कुटुंबाला त्यांनी विचारले, "बसवायला काय म्हणता?" वडील म्हणाले, "सिट." आई म्हणाली, "बस." मुलगी म्हणाली, "सिट डाऊन." आजी म्हणाल्या, "मी आपली गप पड म्हणते." हवालदार म्हणाले, "आणि खाणं पुरे झालं की?" "बस म्हणते," आई उत्तरली. सगळे हसले. हवालदार हसले नाहीत. "ह्याला तुम्ही हट्टी म्हणता. चार माध्यमांच्या चार शाळा एकाच पोराला. आणि एका शब्दाचे दोन अर्थ." त्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने एकेक शब्द ठरवून घेतला. आमच्या घराने 'बैस' घेतला.

पुढचे सगळे ह्याच मार्गाने गेले. बक्षीस द्यायचे ते कृती होताक्षणी. दोन-तीन सेकंद उशीर झाला, तर कुत्र्याला वाटते की बसण्याबद्दल नव्हे, उठण्याबद्दल भाकरी मिळाली. धडा पाच मिनिटांचा, दिवसातून तीनदा. अंगणात शिकलेले स्वयंपाकघरात पुन्हा शिकवायचे, आणि मग रस्त्यावर पुन्हा, कारण कुत्र्याच्या मनात शब्दाला जागा चिकटलेली असते. मैदानावर बसणारे कुत्रे बाजारात बसत नाही, तो त्याचा उद्धटपणा नव्हे. उडी मारली की पाठ फिरवायची. शब्द नाही, स्पर्श नाही, रागावणेसुद्धा नाही, कारण प्रेमवेड्या कुत्र्याला रागावणे हीदेखील भेटच वाटते. चारही पाय जमिनीवर टेकले की मग लाड. पहिले दोन आठवडे बंड्याने उड्या वाढवल्या. हवालदार म्हणाले, "दुकान बंद झालं की गिऱ्हाईक आधी जोरात दार ठोठावतं. ठोठावू द्या." चौथ्या आठवड्यात ठोठावणे थांबले.

ह्या काळात मला जर्मनीतल्या एका घोड्याची आठवण होई. 'हान्स' ह्या घोड्याला गणिते येतात अशी ख्याती होती. बेरजेचे उत्तर तो खूर आपटून देई. ऑस्कर फुंग्स्ट ह्या मानसशास्त्रज्ञाने १९०७ साली त्याची परीक्षा घेतली तेव्हा कळले की, प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्सलाही ते येत नाही. घोडा गणित वाचीत नव्हता, तो माणसाचा चेहरा वाचीत होता. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले, आणि घोडा थांबे. बंड्याही तेच करतो. माझा शब्द त्याच्या कानावर पडण्याआधी माझा खांदा, माझा श्वास, माझी घाई त्याला कळलेली असते. अशा प्राण्याला शिकवायचे म्हणजे आधी आपले अंग आणि मन ताळ्यावर आणायचे. चाळीस मुलांच्या वर्गात हे मी जितके शिकलो नव्हतो, तितके त्या मैदानावर शिकलो.

महाभारताच्या आदिपर्वाच्या आरंभी एक लहानशी कथा आहे. जनमेजय राजाचे सत्र चालू असताना एक कुत्र्याचे पिल्लू तिथे आले. राजाच्या भावांनी त्याला मारले. ते रडत आपल्या आईकडे, सरमेकडे गेले. आपण काही अपराध केला नाही, हवीकडे पाहिले नाही की त्याला तोंड लावले नाही, असे त्याने सांगितले. तेव्हा सरमा थेट सत्रात आली आणि तिने विचारले, माझ्या निरपराध पोराला का मारलेत? कुणीही उत्तर दिले नाही. सरमेने शाप दिला, तुमच्यावर न दिसणारे भय येईल. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दारातच व्यासांनी ही कुत्री उभी केली आहे. न गुरगुरता चावणारे कुत्रे पाहिले की मला तो शाप आठवतो. पण त्याहून जास्त आठवते ते त्या पिल्लाचे भाग्य. त्याला वाचा होती, आणि त्याची बाजू घेऊन राजाच्या यज्ञात जाब विचारणारी आई होती. आपण पिल्लू घरी आणतो ते तिच्या कुशीतून उचलून. मग तिचे काम आपल्याकडे येते. चुकल्यावर काय करता, आणि मागचे दार उघडाल का, हे दोन प्रश्न सरमेचे आहेत. ते विचारायला लाज वाटू नये, आणि विचारल्यावर समोरच्याला राग आला तर तिथे थांबू नये.

नाना घरी यायच्या आधी पंधरा दिवस आम्ही एक जुना वॉकर मागून आणला. रोज मी तो टकटक करीत घरभर हिंडत असे आणि प्रत्येक टकटकीला बंड्याला भाकरीचा तुकडा मिळे. शेजाऱ्यांना माझ्या खुब्याचीही काळजी वाटू लागली होती. भाद्रपदात नाना रिक्षातून उतरले. वॉकर टेकला. बंड्याचे पुढचे दोन पाय जमिनीवरून एक इंच उचलले गेले, थरथरले, आणि परत खाली टेकले. त्या एका इंचावर आमच्या घराची सगळी भिस्त होती.

नानांना कुत्र्यांची कधी फारशी आवड नव्हती. पण ते आता दुपारी ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि वॉकरजवळ बंड्या पडलेला असतो. "बैस," नाना अधूनमधून उगाच म्हणतात. आवाज तोच, आम्हा भावंडांना अभ्यासाला बसवणारा. बंड्या बसतो. पुष्कळदा मीही बसतो.